मणक्यातला जंतू कोणता, हे आधी ठरू द्या

पत्र:

डॉक्टर, नमस्कार. मी पुण्यात नोकरी करते. आई-अण्णा, भाऊ आणि वहिनी गावी, माण तालुक्यात असतात. अण्णांचं वय ५७. जानेवारीपासून त्यांची कंबर दुखते. आधी कामाचा ताण म्हणून मलम, गोळ्या, इंजेक्शनं झाली. मग रोज संध्याकाळी ताप यायला लागला, तर गावातल्या डॉक्टरांनी विडाल ही रक्ततपासणी बघून टायफॉईडचा कोर्स दिला. रात्री इतका घाम येतो की बनियन पिळून काढावं लागतं. आठ किलो वजन उतरलंय. शेवटी एमआरआय काढला. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यात इन्फेक्शन आहे आणि ‘बहुधा कॉक्स’, म्हणजे टीबी, असं त्यात लिहिलंय. लगेच टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. पहिले दोन आठवडे बरं वाटलं, ताप उतरला. आता सात आठवडे होत आले, पण ताप पुन्हा येतोय आणि कंबर तशीच आहे. डॉक्टर म्हणतात, धीर धरा. दुसऱ्या सर्जननी स्क्रू टाकून ऑपरेशन करायला सांगितलंय. नातेवाईक म्हणतात, गोळ्या बंद करा, अंगात उष्णता झालीय. हा टीबीच आहे का? घरातल्यांना लागेल का? वहिनी पाच महिन्यांची गरोदर आहे. पैशाचीही ओढ आहे, कारण दिवाळीत एक गाय सातव्या महिन्यात गाभडली, तिची वार अडकली होती ती अण्णांनीच हात घालून काढली, पण नंतर ती गाय दुधाला आलीच नाही. मग दोन शेळ्याही गाभडल्या. त्यामुळे मोठा खर्च करायचा तर दागिने मोडावे लागतील. काय करू?
– एक लेक, पुणे

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी, पैशाची अडचण सांगताना लिहिली आहे. गाय गाभडली, वार अडकली आणि अण्णांनी ती उघड्या हाताने काढली. तुम्ही केसपेपरचे आणि डिस्चार्ज कार्डाचे फोटो पाठवलेत, त्यात या गोष्टीचा कुठेही उल्लेख नाही. कुणी विचारलं नसेल, आणि कंबरदुखीचा गाईशी संबंध असेल असं घरात कुणाच्या मनात यायचं कारण नाही. आता मात्र अण्णांच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा सगळ्यात आधी हेच सांगा. दोन महिन्यांनी कंबर दुखायला लागली, हेही सांगा. आणि अण्णा धारोष्ण दूध पितात का, हे आईला विचारून घ्या. माणदेशात गोठ्यातच धार काढून पेला तोंडाला लावायची सवय जुनी आहे.

हे सगळं विचारतोय ते ब्रुसेला नावाच्या जंतूमुळे. गाई-म्हशींत आणि शेळ्या-मेंढ्यांत हा जंतू गर्भपात घडवतो, तोही गाभणपणाच्या शेवटच्या टप्प्यात, आणि त्यानंतर वार अडकणं हे त्याचं नेहमीचं लक्षण. गाभडलेल्या जनावराची वार, गर्भ, अंगावरचं पाणी यांत हे जंतू प्रचंड संख्येने असतात. हातावर खरचटलेलं असेल, डोळ्यात थेंब उडाला, श्वासातून तुषार गेले किंवा कच्चं दूध पोटात गेलं, तर तो माणसात शिरतो. १८८७ मध्ये माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून हा जंतू वेगळा काढला. तो येतो कुठून, हे मात्र १९०५ पर्यंत कळलं नव्हतं. त्या वर्षी थेमिस्टोक्लिस झॅमिट या माल्टाच्याच डॉक्टरने दाखवलं की धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या रक्तात याच्या खुणा आहेत आणि दुधातून जंतू बाहेर पडतोय. सैनिकांचं शेळीचं दूध बंद केल्यावर त्यांच्यातला ताप झपाट्याने ओसरला. तुमच्या घरी दोन शेळ्याही गाभडल्या आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. शेळ्या-मेंढ्यांतून येणारी ब्रुसेलाची जात माणसाला गाईतल्या जातीपेक्षा जास्त त्रास देते.

माणसात हा जंतू हाडा-सांध्यांत बसतो, आणि पन्नाशीपुढच्या पुरुषांत त्याची आवडती जागा म्हणजे कमरेचा खालचा मणका. संध्याकाळी चढणारा ताप, रात्रीचा भिजवून टाकणारा घाम, भूक मरणं, वजन उतरणं, अंग मोडून येणं, हे सगळं टीबीतही असंच असतं. म्हणून डॉक्टरांना मी दोष देणार नाही. जगातल्या टीबी रुग्णांपैकी साधारण पाव रुग्ण आपल्या देशात आहेत, आणि हाडांचा टीबी झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना तो मणक्यात होतो. आपल्याकडे मणका सुजलेला दिसला की टीबीचा विचार आधी व्हायलाच हवा. माझा आक्षेप फक्त एकाच गोष्टीला आहे. विचार झाला आणि तिथेच तपास थांबला.

एमआरआय जागा दाखवतो, सूज दाखवतो, पू किती आणि कुठे आहे ते दाखवतो. जंतू दाखवत नाही. रिपोर्टमध्ये ‘बहुधा’ हा शब्द रेडिओलॉजिस्टने जबाबदारीने लिहिला होता, औषधाच्या चिठ्ठीवर येईपर्यंत तो गळून पडला. फोटो बघून अंदाज मात्र बांधता येतो. टीबी बहुतेक वेळा पाठीच्या मधल्या-खालच्या भागात किंवा पाठ आणि कंबर यांच्या सांध्यावर बसतो, मणका चेपून टाकतो, पाठीला कुबड आणतो आणि कमरेच्या स्नायूत उतरणारे मोठे गळू तयार करतो. ब्रुसेला कमरेत खाली, चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या आसपास आढळतो. सुरुवात मणक्याच्या पुढच्या वरच्या कोपऱ्यापासून होते, मणक्याची उंची बरीच टिकून राहते आणि गळू झालं तरी लहान असतं. अण्णांच्या रिपोर्टमध्ये चौथा-पाचवा मणका, उंची शाबूत आणि बाजूला लहानसं गळू असं आहे. हे चित्र ब्रुसेलाकडे झुकतं. पण टीबीही असा दिसू शकतो, त्यामुळे एवढ्यावर औषध बदलायचं असं मी म्हणणार नाही.

आता, पहिले दोन आठवडे बरं का वाटलं? टीबीच्या चार गोळ्यांत रिफाम्पिसिन असतं, आणि ते ब्रुसेलावरही चालतं. पण एकट्याने त्याला पुरं पडत नाही. म्हणून ताप दबतो, घरातले सुटकेचा श्वास सोडतात, डॉक्टरांनाही वाटतं निदान बरोबर होतं, आणि काही आठवड्यांनी ताप पुन्हा डोकं वर काढतो. अण्णांच्या बाबतीत नेमकं हेच झालं असावं अशी मला दाट शंका आहे. तरी आणखी दोन शक्यता आहेत. टीबीच असेल पण रिफाम्पिसिनला न जुमानणारा. किंवा साधाच टीबी, ज्याला मणक्यात उतार पडायला वेळ लागतो. सात आठवडे हा काही फार मोठा काळ नाही. या तीन वाटांवरची औषधं, मुदत आणि धोके वेगळे आहेत, आणि फोटोकडे कितीही वेळ बघत बसलं तरी त्या वेगळ्या काढता येत नाहीत. त्यासाठी रक्त आणि मणक्यातला तुकडा लागतो.

म्हणून नातेवाईकांचं ऐकून गोळ्या परस्पर बंद करू नका. टीबी असेल तर अर्धवट सोडलेल्या गोळ्या जंतूला औषध पचवायला शिकवतात. आणि तितक्याच ठामपणे सांगतो, कुणी ‘वरून एक अँटिबायोटिक देऊन बघू’ म्हणालं, तर नमुने घेऊन होईपर्यंत थांबायची विनंती करा. नमुन्याआधी दिलेलं प्रत्येक नवं औषध जंतू सापडण्याची शक्यता कमी करतं. अमेरिकेतल्या इन्फेक्शियस डिसीजेस सोसायटीने २०१५ मध्ये मणक्याच्या जंतुसंसर्गावर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत हेच सांगितलं आहे: रुग्णाच्या पायात ताकद शाबूत असेल, रक्तदाब ठीक असेल, तर आधी जंतू शोधा, मग अँटिबायोटिक सुरू करा. ब्रुसेला आढळणाऱ्या भागात त्याची रक्ततपासणी करा, असंही त्यात स्वच्छ लिहिलं आहे.

डॉक्टरांशी बोलताना अवघडू नका. “डॉक्टर, दिवाळीत आमची गाय सातव्या महिन्यात गाभडली, वार अण्णांनी काढली होती. ब्रुसेलाची तपासणी करून बघूया का?” एवढंच म्हणा. चांगला डॉक्टर यावर रागावत नाही. उलट नवी माहिती मिळाली की त्याचंही डोकं वेगळ्या दिशेने चालायला लागतं.

सुरुवात रक्तापासून होते. रोझ बेंगॉल ही ब्रुसेलाची चाळणी चाचणी. स्वस्त, आणि काही मिनिटांत उत्तर देणारी. ती पॉझिटिव्ह आली की ट्यूबमधली अॅग्लुटिनेशन टेस्ट करतात. रक्त किती पट पातळ केलं तरी ती पॉझिटिव्ह राहते, तो तिचा आकडा. तो १:१६० किंवा त्याहून वर असेल आणि लक्षणं जुळत असतील, तर ब्रुसेला धरतात. जनावरांत वावरणाऱ्यांच्या रक्तात आजार नसतानाही थोडाफार आकडा दिसतो, त्यामुळे अगदी लहान आकड्यावर उडी मारायची नाही. उलटंही होतं: रक्तात प्रतिद्रव्यं फारच जास्त असली तर पहिल्या काही ट्यूबमध्ये टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. म्हणून लॅबने पुढपर्यंत पातळ करून बघायला हवं, आणि आजार जुना असेल तर कूम्ब्स पद्धतीने किंवा एलायझाने खात्री करायला हवी. टीबीच्या गोळ्या चालू असल्या तरी या रक्ततपासण्या करता येतात, हा त्यांचा मोठा फायदा. विडालवर मात्र आता वेळ घालवू नका. त्यात टायफॉईड दिसला म्हणून अण्णांचा बराच काळ वाया गेला आहे.

रक्तातच जंतू वाढतो का, हे बघायला ब्लड कल्चरच्या दोन-तीन जोड्या वेगवेगळ्या शिरांतून घ्याव्या लागतात. ब्रुसेला सावकाश वाढतो, म्हणून बाटली नेहमीपेक्षा जास्त दिवस ठेवायला सांगावं लागतं. आणि लॅबच्या फॉर्मवर ‘ब्रुसेलाचा संशय’ असं ठळक लिहून द्यायला हवं. ही नुसती औपचारिकता नाही. हा जंतू वाढवलेल्या ताटलीवरून हवेत उडतो आणि लॅबमध्ये काम करणाऱ्यांना तापाने आडवं करतो. जगभरात प्रयोगशाळेत लागण होणाऱ्या जंतूंमध्ये ब्रुसेलाचं नाव फार वर आहे. आधी कळलं तर ते लोक सुरक्षित बंदिस्त कपाटात, योग्य काळजी घेऊन काम करतात.

ईएसआर आणि सीआरपी या सूज मोजणाऱ्या रक्ततपासण्याही करतील. त्यांनी जंतूचं नाव कळत नाही, पण उपचार लागू पडतोय का हे पुढे त्यांच्याच उतरत्या आकड्यावरून बघायचं आहे. छातीचा एक्स-रे बघतील. हृदयाच्या झडपेवर जंतू बसलेला नाही ना, यासाठी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफीही सांगतील. ब्रुसेलातून मृत्यू होतो तो बहुतेक वेळा झडपेमुळे, म्हणून इको टाळू नका.

आता बायोप्सीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण घरच्यांना सगळ्यात जास्त भीती तिची वाटते आणि सगळ्यात जास्त गोंधळही तिथेच होतो. यात मोठं ऑपरेशन नसतं. सीटी स्कॅनच्या टेबलावर रुग्णाला पालथं झोपवतात, कमरेला भुलीचं इंजेक्शन देतात आणि स्कॅनवर बघत बघत जाड सुई मणक्याच्या सुजलेल्या भागापर्यंत नेतात. सुईतून शेवयांच्या तुकड्यांएवढे तुकडे निघतात. गळू असेल तर त्यातला पू ओढून घेतात. अण्णा रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर आधी सांगा. बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात.

पण तुकडे काढल्यावर ते कोणत्या बाटलीत जातात, ते बघा. पॅथॉलॉजीसाठीचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये जातो. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात. सगळे तुकडे एकाच बाटलीत, फॉर्मेलिनमध्ये टाकले गेले, की कल्चरचा प्रश्नच मिटला, आणि हे आपल्याकडे वारंवार घडतं. कल्चरसाठी आणि सीबीनॅट या टीबीच्या जनुकीय चाचणीसाठी निर्जंतुक डबीत, सलाईनमध्ये वेगळे तुकडे हवेत. भावाला सोबत न्या आणि प्रक्रिया सुरू होण्याआधीच त्याला विचारू द्या: फॉर्मेलिनची एक आणि सलाईनच्या दोन-तीन, अशा बाटल्या तयार आहेत का? सलाईनमधल्या तुकड्यावर साधं कल्चर, टीबीचं कल्चर, बुरशीचं कल्चर आणि सीबीनॅट सगळं व्हायला हवं. सीबीनॅट साधारण दोन तासांत सांगतं की टीबीचा जंतू आहे का आणि त्यावर रिफाम्पिसिन चालेल का. गोळ्या चालू असल्या तरी ही तपासणी उपयोगी पडते. टीबीच्या कल्चरला सहा आठवडे लागू शकतात, त्याची पावती जपून ठेवा. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये ‘ग्रॅन्युलोमा’, म्हणजे सुजेतल्या पेशींची बारीक गाठ, आला म्हणजे टीबीच, असंही समजू नका. ब्रुसेलातही ग्रॅन्युलोमा होतो. पहिल्या बायोप्सीत काहीच सापडलं नाही तर ती पुन्हा करावी लागते, हे आधीच मनात ठेवा.

रक्तातला ब्रुसेलाचा आकडा खूप वर आला आणि गाईची हकीकतही जुळली, तर काही डॉक्टर बायोप्सीशिवायही उपचार सुरू करतात. तेही चूक नाही. पण टीबी इतका पसरलेल्या आपल्या भागात आणि सात आठवड्यांच्या गोळ्या झालेल्या रुग्णात मी तुकडा घेण्याच्याच बाजूने आहे. एकाच माणसाला दोन्ही आजार असू शकतात.

हे सगळं एका छताखाली व्हावं असं वाटत असेल तर मायक्रोबायोलॉजी विभाग असलेल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय गाठा. तुमच्याकडून पुण्याचं ससून आणि मिरजेचं सरकारी रुग्णालय दोन्ही होण्याजोगी आहेत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारा. दागिने मोडायचा निर्णय त्यानंतर.

ब्रुसेला निघाला तर औषधं महाग नाहीत, पण दीर्घकाळ घ्यावी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये दोन जोड्या सुचवल्या होत्या: डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन, किंवा डॉक्सिसायक्लिन आणि त्याच्या जोडीला सुरुवातीला स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं. आजही उपचाराचा पाया तोच आहे. स्ट्रेप्टोमायसिनऐवजी जेंटामायसिनही देतात, आणि मणक्यात बसलेल्या ब्रुसेलासाठी अनेक डॉक्टर तिन्ही औषधं एकत्र सुरू करतात. साध्या ब्रुसेलाला सहा आठवडे पुरतात. मणक्याला किमान तीन महिने लागतात, काहींना त्याहून जास्त. एकच औषध दिलं किंवा मध्येच सोडलं तर आजार उलटतो, आणि तो बहुतेक पहिल्या वर्षभरात उलटतो. म्हणून बरं वाटलं तरी वर्षभर तपासण्या चुकवू नका.

डॉक्सिसायक्लिन बसून, पेलाभर पाण्यासोबत घ्यायचं आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेत चिकटून जखम करते. दूध, अॅसिडिटीचं औषध आणि लोहाच्या गोळ्या यांच्यापासून दोन-तीन तास लांब ठेवायची. या गोळीने ऊन बाधतं, म्हणून अण्णा रानात जायला लागले की डोक्यावर टॉवेल आणि अंगात लांब बाह्यांचा सदरा हवा. इंजेक्शनांच्या काळात किडनीची तपासणी होत राहायला हवी, आणि कानात आवाज येणं, कमी ऐकू येणं, चालताना तोल जाणं यांतलं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. लघवी लालसर-नारिंगी होणं हा रिफाम्पिसिनचा रंग आहे, त्याला घाबरू नका.

टीबीच निघाला आणि जंतू औषधांना दाद देणारा असेल, तर आता चालू आहेत त्याच प्रकारच्या गोळ्या पुढे चालतील. मणक्याच्या टीबीला आपल्याकडच्या सूचनांनुसार किमान १२ महिने. ही औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात, आणि निक्षय या सरकारी टीबी-नोंदणी पोर्टलवर नोंद असेल तर पोषणासाठी दरमहा १००० रुपये खात्यात येतात. खासगी डॉक्टरांकडे उपचार चालू असले तरी ही नोंद करता येते. झाली आहे का, विचारा.

ब्रुसेला आणि टीबी सोडून आणखी एक वाट उरते, ती म्हणजे दुसराच कुठला जंतू. स्टॅफिलोकोकस हा मणक्यातला नेहमीचा पू करणारा जंतू. म्हाताऱ्या माणसांत लघवीच्या इन्फेक्शनमधून जाणारे जंतू असतात. या सदराचे वाचक कोकणात आणि गोव्यातही आहेत, त्यांच्यासाठी एक सांगून ठेवतो. पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः मधुमेह असलेल्यांत आणि पावसाळ्यात चिखलात काम करणाऱ्यांत, मेलिऑइडोसिस हा मातीतून येणारा आजार होतो आणि तो हाडा-मणक्यातही बसतो. त्याचा जंतू लॅबमध्ये ‘स्यूडोमोनास’ या दुसऱ्याच जंतूच्या नावाने निसटण्याची शक्यता असते. मधुमेही शेतकऱ्याच्या पुवात स्यूडोमोनास आला तर एकदा खात्री करून घ्या. मेलिऑइडोसिसला आधी कित्येक आठवडे शिरेतून औषध आणि नंतर महिनोन्‌महिने गोळ्या लागतात. नेहमीचा दहा दिवसांचा कोर्स त्याला पुरत नाही.

ऑपरेशनबद्दल. सर्जननी सांगितलं ते वाईट हेतूने सांगितलं असं मी म्हणणार नाही. पायातली ताकद जात असेल, मज्जातंतूवर दाब असेल, मणका ढासळून पाठ वाकायला लागली असेल, मोठं गळू असेल किंवा बरोबर औषध पुरेसे दिवस देऊनही आजार वाढत असेल, तर ऑपरेशन लागतंच. तुमच्या कागदांवरून आज यातलं काही दिसत नाही. जंतूचं नाव माहीत नसताना स्क्रू टाकले तरी नंतर औषध अंदाजानेच द्यावं लागणार. समजा ऑपरेशन करायचं ठरलंच, तर सर्जनना एवढं नक्की सांगा की आतला पू आणि तुकडे कल्चरला पाठवा, फक्त पॅथॉलॉजीला नको. तोवर कमरेचा पट्टा, ओझं उचलणं बंद, आणि दुखणं झेपेल तेवढं घरातल्या घरात चालणं. महिनोन्‌महिने खाटेवर पडून राहायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र भावाने रोज सकाळी करायची आहे. अण्णांना भिंतीला हात टेकवून आधी टाचांवर आणि मग चवड्यांवर चार-पाच पावलं चालायला सांगा. टाचेवर उभं राहताना एका पायाचा पंजा खाली पडायला लागला, चप्पल पायातून निसटायला लागली, मांड्यांच्या मध्ये किंवा बसायच्या जागी बधिर वाटायला लागलं, लघवी तुंबली किंवा नकळत झाली, तर कुठल्याही रिपोर्टची वाट न बघता त्याच तासाला न्यूरोसर्जन किंवा मणक्याचा सर्जन असलेल्या रुग्णालयात न्या. रात्र असली तरी. अशा वेळी उशीर झाला तर ताकद परत येईलच असं नाही.

उपचार लागू पडतोय का, हे पुढे ताप, दुखणं, भूक, वजन आणि सीआरपी यांवरून ठरेल. महिन्याभरात पुन्हा एमआरआय काढायची घाई करू नका. माणूस बरा होत असतानाही फोटो काही आठवडे तसाच किंवा अधिक वाईट दिसू शकतो, आणि तो बघून चांगलं चाललेलं औषध बदललं जातं.

घरातल्यांना लागेल का? फुफ्फुसात टीबी नसेल तर मणक्याचा टीबी बाहेर पसरत नाही. छातीचा एक्स-रे स्वच्छ आला की ही काळजी सोडा. ब्रुसेला माणसाकडून माणसाला जवळजवळ लागतच नाही. अण्णांचं ताट-वाटी वेगळं काढलं असेल तर आजच ते बंद करा, आजारी माणसाला त्याचा त्रास तापाइतकाच होतो. धोका आहे तो गोठ्यातून. आई, भाऊ, वहिनी, घरातली मुलं यांच्यापैकी कुणी तेच कच्चं दूध प्यायलं असेल, कुणी शेळ्यांच्या गाभडण्याच्या वेळी हात लावला असेल आणि कुणाला ताप, सांधेदुखी, घाम असेल, तर त्यांचीही रक्ततपासणी करा. दूध नीट वर येईपर्यंत उकळलं की जंतू मरतो. उकळलेल्या दुधाचं दही, ताक, तूप बिनधास्त खा. शेळीचं दूध औषधी म्हणून लहान मुलाला कच्चंच पाजायचं असेल, तर ते थांबवा.

गोठ्यासाठी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा आणि सगळ्या जनावरांचं रक्त तपासायला द्या. नमुने पुण्याला औंधच्या पशुरोग अन्वेषण विभागात जाऊ शकतात. गाभडलेली गाय बाजारात काढायचा विचार असेल तर निदान होईपर्यंत थांबा, तोच आजार दुसऱ्याच्या गोठ्यात जाईल. सप्टेंबर २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि म्हशींच्या पारड्यांना, म्हणजे मादी वासरांनाच, ब्रुसेलाची लस मोफत देतात. ही लस आयुष्यात एकदाच द्यायची असते. तुमच्याकडच्या कालवडींना दिली आहे का, विचारा. लस टोचायचं काम डॉक्टरांनाच करू द्या, कारण त्यात जिवंत जंतू असतो आणि सुई माणसाच्या हाताला लागली तर त्यालाही आजार होऊ शकतो. यापुढे कुठलंही जनावर गाभडलं तर कोपरापर्यंतचे हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधल्याशिवाय हात घालायचा नाही. वार आणि गर्भ उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकायचा नाही, कुत्री ते ओढून गावभर नेतात. खोल खड्डा, त्यात चुना, वर माती.

आता वहिनींबद्दल. गरोदरपणात ब्रुसेला झाला तर गर्भपाताचा आणि वेळेआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो. अण्णांना जी डॉक्सिसायक्लिन चालते, ती गरोदर बाईला देत नाहीत. तिच्यासाठी वेगळी औषधं आहेत आणि ती बाळंतपणाच्या डॉक्टरांनी ठरवायची असतात. बाळंत होईपर्यंत वहिनींनी गोठ्यातलं शेण-पाणी, धार काढणं, वेत बघणं यातलं काहीच करायचं नाही, मग सासूबाईंना थोडं जड गेलं तरी चालेल. आजवर कच्चं दूध प्यायल्या असतील किंवा शेळ्यांना हात लावला असेल, तर त्यांना ताप नसला तरी रोझ बेंगॉल करून घ्या. अण्णांचं रक्त द्यायला जाल त्याच दिवशी त्यांनाही सोबत न्या.